गाव पाचोड, कायदे हैदराबादला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे निघाले की आडूळ मागे पडते आणि पाचोड येते. पैठण तालुक्यातले हे बाजाराचे गाव. गाव आहे तिथेच आहे, पण त्याच्यासाठी कायदे कुठे व्हायचे ते ठिकाण मात्र बदलत गेले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथे निजामाचे राज्य होते. १९५२ साली हैदराबाद राज्याची निवडून आलेली विधानसभा बसली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. म्हणजे एकाच माणसाने आपल्या हयातीत चार राजवटींचे कायदे पाळले. आज त्याच्या नातवाला ते शोधायचे असतील, तर त्याने जायचे कुठे?

हा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. आपल्याकडे अनेक घरांत पत्र्याची जुनी पेटी असते. तीत एखादी उर्दू किंवा मोडीतली पावती निघते. सन लिहिलेला असतो १३५०. घरातले म्हणतात, 'एवढा जुना कागद! शिवाजी महाराजांच्याही आधीचा!' खरे तर तो फसली सन आहे. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. त्या सनात ५९० मिळवले की ते वर्ष सुरू झाल्याचा इसवी सन निघतो आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवायचे. म्हणजे आपला कागद १९४०-४१ सालचा. एवढे कळले की निम्मे काम झाले, कारण कायद्याच्या शोधात तारीख हीच किल्ली असते.

आता ही पावती बटाईची आहे असे समजू. आजोबा दुसऱ्याची जमीन कसत होते आणि वाटा घातल्याची ही खूण. तिला मोल का आले? हैदराबादचा कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९५० साली झाला. त्याच्या चौतिसाव्या कलमात 'संरक्षित कूळ' कोणाला म्हणावे ते सांगितले आहे. फसली १३४२ ते १३५२ या वर्षांत सलग सहा वर्षे कूळ म्हणून जमीन धारण करून ती स्वतः कसली असेल, तर तो माणूस संरक्षित कूळ. त्याखेरीज १ जानेवारी १९४८ पूर्वीची सलग सहा वर्षे धरण्यासारखे आणखी पर्यायही होते. देशात प्रजासत्ताक आले होते, आणि कायदा मात्र अजून फसलीत मोजत होता! पेटीतली पावती त्या सहांपैकी एका वर्षाची साक्षीदार होती.

इथून पुढे शोध सुरू होतो, आणि तिथेच माणसे चुकतात. पहिली चूक नावांची. २०२५च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या आंदोलनाने 'हैदराबाद गॅझेट' हे शब्द घराघरांत नेले. कोणी गॅझेट म्हणे, कोणी गॅझेटिअर. दोन्ही वेगळी आहेत. गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याची लोकसंख्या, जाती, पिके, इतिहास यांची माहिती देणारा ग्रंथ. औरंगाबाद जिल्ह्याचा असा एक ग्रंथ १८८४ साली निघाला, दुसरा महाराष्ट्र शासनाने १९७७ साली काढला. गॅझेट म्हणजे राजपत्र, सरकारने वेळोवेळी छापलेले हुकूम, कायदे आणि अधिसूचना. निजामाच्या राज्यात त्यालाच 'जरीदा' म्हणत. आणि या दोहोंहून वेगळे असते सभागृहाचे 'कामकाज', म्हणजे आमदार काय बोलले त्याचा शब्दशः वृत्तान्त. ग्रंथालयात नुसते 'जुने गॅझेट द्या' म्हटले, तर हवे ते हाती येईलच असे नाही.

दुसरी चूक अशी, की प्रत्येक कायद्यामागे चर्चा असेल असे आपण धरून चालतो. १९५० साली हैदराबादेत निवडून आलेली विधानसभाच नव्हती. वेलोडी हे प्रशासक मुख्यमंत्री होते आणि निजाम राजप्रमुख होता. तेव्हा कुळकायद्याच्या मूळ मजकुरावर आमदारांची भाषणे शोधण्यात दिवस घालवू नयेत. ती नाहीतच. तो मजकूर राजपत्रात पाहायचा. १९४९ सालच्या जहागिरी नष्ट करण्याच्या विनियमाचेही तसेच.

पण १९५२ नंतर चित्र पालटते. बूर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले, काशिनाथराव वैद्य सभापती झाले आणि विरोधी बाकांवर पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंटचे नेते म्हणून व्ही. डी. देशपांडे होते. कुळकायद्याची मोठी दुरुस्ती या सभागृहातून गेली आणि १९५४ सालचा तिसरा कायदा म्हणून अमलात आली. संरक्षित कुळाकडे जमिनीची मालकी अधिसूचनेने सोपवण्याची तरतूद, म्हणजे पुढे महसूल कचेरीत गाजलेले '३८ ई', याच दुरुस्तीने आले. तिच्यावर काय बोलणे झाले ते कामकाजाच्या खंडांत आहे. त्या सभागृहात उर्दू, हिंदी, तेलुगू, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा भाषा चालत. त्यामुळे एकाच खंडात पाने उलटताना लिपी बदलत जाते. आपल्याला मराठी आणि हिंदी पाने वाचता आली तरी बरेच हाती लागते.

हे वाचायचे कशाला? कलम काय झाले ते सांगते. काय व्हायचे होते, कोणाचा विरोध होता, कोणती दुरुस्ती फेटाळली, हे मात्र चर्चाच सांगते. म्हणून क्रम असा ठेवावा. आधी विधेयक आणि त्याला जोडलेले 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' पाहावे. मग सभागृहातली चर्चा, मग मंजूर कायदा, मग तो केव्हा लागू झाला ती अधिसूचना, आणि शेवटी नंतरच्या दुरुस्त्या.

तिसरी चूक सर्वांत महाग पडते. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, पण जुने कायदे बदलेपर्यंत त्या त्या भागात चालूच राहिले. पुढे मराठवाड्यापुरत्या दुरुस्त्या मुंबईत झाल्या, तेलंगणापुरत्या हैदराबादेत. त्यामुळे मूळ कायदा एक, साल एक, पण आज पुस्तके दोन! हैदराबादेत छापलेली नवी प्रत घेऊन पैठणच्या तहसिलीत गेले, तर कलमे जुळणार नाहीत. १९५६ पर्यंतचे हैदराबादच्या छपाईत पाहावे, त्यानंतरचे मुंबईच्या आणि मग महाराष्ट्राच्या राजपत्रात.

मग हे सगळे ठेवले आहे कुठे? हैदराबाद विधानसभेचे खंड मुख्यतः हैदराबादेत, तिथल्या विधिमंडळाच्या ग्रंथालयात शोधावे लागतात. निजामकालीन दफ्तर तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे. आपल्या शहरातही महाराष्ट्राच्या पुराभिलेख विभागाचे कार्यालय आणि विद्यापीठाचे ग्रंथालय आहे. सुरुवात तिथूनच करावी. १९५६ नंतरच्या कामकाजासाठी मुंबईचे विधानभवन.

अशा खंडांतून काय निघू शकते याचा एक दाखला देतो. महाराष्ट्र शासनाने १९८२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन व भाषणांचा दुसरा खंड काढला. मुंबई विधिमंडळातली त्यांची भाषणे त्यात एकत्र केली आहेत. कोकणातली खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडले, तेही त्यात सापडते. ही भाषणे सरकारी छपाईत वर्षानुवर्षे पडून होती. कोणीतरी ती एकेक करून वेचली, म्हणून आज कोणालाही वाचता येतात. मराठवाड्यातून हैदराबादेत गेलेल्या आमदारांची भाषणे अशीच वेचून एकत्र करायला हवीत. आपल्या कुळांबद्दल, इनामांबद्दल, शाळांबद्दल ते कोणत्या भाषेत आणि काय बोलले, हे आपल्याच मुलांना ठाऊक नाही.

पेटीतल्या पावतीने आज जमीन मिळेल, असे मी म्हणत नाही. तो विषय वकिलाचा आणि कचेरीचा. पण आजोबा त्या शिवारात कोण म्हणून राबले, आणि कायद्याने त्यांना कोण ठरवले, एवढे तरी कळेल. एकच विनंती करतो. गावात उर्दू आणि मोडी वाचणारी म्हातारी माणसे आता थोडी उरली आहेत. ती आहेत तोवर पेटीतले कागद त्यांच्याकडून वाचून घ्या. प्रत्येक कागद पाकिटात घाला आणि पाकिटावर त्याचा फसली सन व इसवी सन दोन्ही लिहून ठेवा. ग्रंथालयाच्या दारात पहिला प्रश्न तारखेचाच येणार आहे.