कॉरोनर ते पंचनामा : मृत्यूच्या चौकशीचा इतिहास

अपघात, विषबाधा किंवा आत्महत्येने मृत्यू झाला की दुःखातले नातेवाईक विनवतात, "डॉक्टर, पोस्टमॉर्टेम टाळता येणार नाही का?" उत्तर समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

इंग्लंडमध्ये ११९४ साली कॉरोनर हे पद निर्माण झाले. राजाचे महसुली हक्क जपणे हे त्याचे काम, आणि अनैसर्गिक मृत्यूची चौकशी हा त्यातलाच भाग. पुढे हीच चौकशी त्याची ओळख बनली. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने मुंबई व कोलकाता या शहरांतील कॉरोनरचे काम नियमबद्ध झाले. मुंबईतील हे पद १९९९ मध्ये बंद झाले.

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात मात्र कॉरोनर कधीच नव्हता. खंबाटकी घाटात कोणी अपघातात दगावले, तर पोलीस पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतात आणि सरकारी डॉक्टर शवविच्छेदन. कोठडीतील मृत्यू किंवा लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला, तर दंडाधिकारी चौकशी करतात.

पोलिसांनी सांगितलेल्या शवविच्छेदनाला नातेवाईकांच्या संमतीची गरज नसते. ते कठोर वाटते. पण गाडी धडकल्याने मृत्यू झाला, की आधी हृदय बंद पडले म्हणून गाडी धडकली, हे बाहेरून कळत नाही. विम्याचा दावा, न्यायालयातील खटला आणि घरच्यांच्या मनातली शंका या उत्तरावरच अवलंबून असतात. गेलेल्या माणसाची बाजू मांडणारा तो शेवटचा कागद असतो.