अलतड-पलतड

तेरेखोल नदी सह्याद्रीतून बांद्यामार्गे खाली येते आणि आमच्या आरोंद्याला पोचेपर्यंत तिची रुंद खाडी झालेली असते. अलतड आरोंदा, पलतड पेडण्यातलं किरणपाणी. आता मधे पूल आहे. दुचाकीवरून जाणारा मुलगा महाराष्ट्रातून गोव्यात कधी शिरला, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. माझ्या आजीच्या काळात मात्र या पाण्याच्या दोन काठांवर दोन वेगळ्या देशांचे पोलीस उभे असत. तिच्या आणि तिच्या जावांच्या तोंडून जे ऐकलं, ते मला शाळेच्या पुस्तकात भेटलं नाही. पुस्तकात तह होते, लढाया होत्या. आजीकडे कोण उपाशी आलं, कोण रात्री पार झालं, कोणाच्या मयताला कोण पोचू शकलं नाही, हे होतं. मोठेपणी दोन्ही शेजारी ठेवून वाचू लागले तेव्हा या खाडीचा स्वभाव मला कळला. जिने आमच्या घरांची वाटणी केली, तिनेच पळून आलेल्या माणसांना लपायला जागाही दिली.

मुळात हे दोन्ही काठ सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांचे. खाडीच्या मुखाशी असलेला तेरेखोलचा किल्लाही त्यांनीच बांधलेला. १७४६ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मेदा याने आधी हळर्णचा कोट घेतला आणि त्याच वर्षाअखेर तेरेखोल. हळर्णच्या विजयाबद्दल त्याला आलोर्नाचा मार्किस हा किताब मिळाला. पेडण्यातल्या एका खेड्याचं नाव पोर्तुगालच्या सरदार घराण्याला चिकटलं, ते कायमचंच. पुढे त्याची नात लेओनोर पोर्तुगीज भाषेतली नामवंत कवयित्री झाली आणि आलोर्नाची मार्किसा म्हणूनच ओळखली गेली. लिस्बनच्या त्या विदुषीच्या नावात आमच्या शेजारचं हळर्ण आहे, ही गोष्ट मी आजीला सांगितली असती तर तिने आधी विचारलं असतं, हळर्णात तिचं कोण होतं?

पेडण्याचा मुलूख खेमसावंत तिसऱ्यांच्या कारकिर्दीत, १७८८ मध्ये, कायमचा पोर्तुगिजांकडे गेला. कोल्हापूरकरांशी वैर होतं, मदत हवी होती, तिची ही किंमत. एका दरबारातल्या निकडीपायी आमच्या खाडीची सरहद्द झाली. तेरेखोलचा किल्ला तर नदीच्या उत्तरेला, आमच्याच काठावर, रेडीला लागून. तरी तो गोव्याचा, आणि आजही तो गोव्यातच मोडतो.

ही सरहद्द प्रथम कामी आली ती इंग्रजांविरुद्ध. १८४४ मध्ये सावंतवाडी संस्थानात मोठं बंड झालं. तांबुळीचे फोंड सावंत तांबूळकर त्याचे पुढारी. गादीचे वारस अण्णासाहेबही बंडवाल्यांना मिळाले. इंग्रजांनी जेम्स आउट्रमला पाठवलं, मनोहरगड पडला, आणि बंडातली प्रमुख मंडळी हद्द ओलांडून गोव्यात निसटली. गोव्याच्या सरकारने त्यांना आसरा दिला. आमच्याकडची म्हातारी माणसं "तांबूळकार पलतड गेलो" एवढंच म्हणत. त्यांच्या बोलण्यात ते कालपरवा घडल्यासारखं येई. शंभर वर्षं उलटून गेल्याचा त्यात मागमूसही नसे. लहानपणी मला वाटायचं, तांबूळकर म्हणजे कुणीतरी आमचा लांबचा पाहुणाच असणार.

आजीच्या आयुष्यात हा ओघ उलटा फिरला. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, तेव्हापासून गोव्यातल्या माणसाला बोलल्याबद्दल तुरुंग दिसू लागला. मग पलतडची माणसं अलतड येऊ लागली. आजी पोर्तुगीज शिपायाला पाखलो म्हणे, सगळेच म्हणत. पाखल्यांचा ससेमिरा चुकवून आलेला माणूस ओळखायला कठीण नव्हतं. तो दारात उभा राहिला तरी आधी मागे वळून खाडीकडे बघे.

यातला खरा कर्ता माणूस म्हणजे तारी. तराच्या होडीवरचा आमच्या वाडीतला हा माणूस दिवसा पैसे घेऊन उतारू पोचवायचा आणि रात्री, कोणी निरोप धाडला तर, काही न घेता. आजोबांची त्याच्याशी मैत्री. आजोबा सांगत, भरती चढत असताना तो वल्हं जवळजवळ लावतच नसे. कांदळवनाच्या कडेकडेने होडी नुसती सरकू द्यायचा, आणि सुकती लागायच्या आत परत यायचा, कारण पाणी ओसरलं की होडी चिखलात रुतणार आणि उजाडल्यावर पाखल्यांना दिसणार. होडीच्या तळाला साठलेलं पाणी तो नारळाच्या करवंटीने उपसायचा. करवंटी लाकडावर खरवडली तर आवाज होतो, म्हणून तिच्या कडेला त्याने फडकं गुंडाळलेलं. इतक्या बारकाईने जोखीम सांभाळणाऱ्या या माणसाने पुढे कधी स्वातंत्र्यसैनिक म्हणून अर्ज केला नाही. तसा अर्ज असतो, हेही त्याला ठाऊक नव्हतं. माझ्या मते या लढ्याच्या कुठल्याही यादीत त्याच्यासारख्यांना पहिली जागा हवी.

१५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी तेरेखोलच्या किल्ल्यात शिरली आणि त्यांनी तिथे तिरंगा चढवला. ते पकडले गेले, तुरुंगात गेले. त्या वेळी भारत सरकार गोव्याबाहेरच्या माणसांना आत जाऊ देत नव्हतं, म्हणून सत्याग्रही सारे गोमंतकीय. त्या दिवशी तीन ठिकाणी गेलेल्या तिन्ही तुकड्यांचे म्होरके ख्रिस्ती होते, हे मला फार मोलाचं वाटतं. गोव्यातली ख्रिस्ती प्रजा आपल्याच बाजूची, असं पोर्तुगाल जगाला सांगत होता, आणि तीन ठिकाणी त्याला त्याच दिवशी उत्तर मिळालं. ज्या किल्ल्यात संत आंतोनचं चर्च आहे, तिथे तिरंगा नेणारा माणूस आफोंसो होता.

पुढचं वर्ष वेगळं गेलं. पुण्यातली गोवा विमोचन सहायक समिती लढ्यात उतरली. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींना घेऊन हद्दीत शिरले. बापट तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होते. नंतर तुकड्यांमागून तुकड्या निघाल्या. १५ ऑगस्टला देशभरातून हजारो माणसं आमच्या मुलखात लोटली. श्रावणाचे दिवस, धो धो पाऊस, खाडी तांबड्या पाण्याने फुगलेली. पंजाबचे, मध्य प्रदेशचे, बंगालचे लोक, ज्यांनी आयुष्यात कोकणातला पाऊस पाहिला नव्हता, ते बांद्याच्या वाटेने भिजत चाललेले.

आमच्या घरी चौघे जण थांबले, त्या आधीच्या रात्री. आजीने उकड्या तांदळाची पेज केली आणि सोबत करलाच्या लोणच्याची फोड. एकाला पेज कशी खायची ते कळेना. तो पोळी शोधत होता. एक जण मास्तर असावा, कारण पेज खाऊन झाल्यावर त्याने माझ्या वडिलांना, तेव्हा ते सात-आठ वर्षांचे, पाढे विचारले. सकाळी उजाडायच्या आत ते गेले. त्यांची नावं तू विचारली नाहीस का, असं मी आजीला विचारलं होतं. ती म्हणाली, "भुकेल्याक नाव इचारूचा नसता गो. पेज निवता."

त्या दिवशी पत्रादेवीला गोळीबार झाला. लुधियानाजवळच्या इसडू गावचे तरुण कर्नेलसिंग तिथे पडले. मध्य प्रदेशातल्या सहोद्राबाई राय हातात झेंडा घेऊन पुढे झाल्या. त्यांना गोळ्या लागल्या, पण त्या वाचल्या आणि १९५७ च्या निवडणुकीत लोकसभेवर गेल्या. तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी मारले गेले. वेगवेगळ्या नाक्यांवर मिळून वीसहून अधिक सत्याग्रही हुतात्मा झाले. हातात शस्त्र नसलेल्या माणसांवर गोळ्या चालल्या, हे आरोंद्याला संध्याकाळपर्यंत कळलं. आजीच्या चुलीपाशी बसलेले चौघे त्यात होते की नव्हते, हे विचारायला ती दुसऱ्या दिवशी चिखल तुडवत वाटेवरच्या तिठ्यापर्यंत गेली, आणि नावं माहीत नसल्यामुळे कोणाला काय विचारावं हे तिला सुचलं नाही. हा प्रसंग ती सहसा सांगत नसे. माझ्या काकूने मला तो सांगितला.

सप्टेंबरात भारताने गोव्याची नाकेबंदी केली. माल बंद, रेल्वे बंद, ये-जा जवळजवळ बंद. दिल्लीला तो धोरणाचा भाग होता आणि कदाचित दुसरा मार्गही नव्हता. पण इथे त्याचा अर्थ असा, की आजीची धाकटी बहीण, किरणपाणीला दिलेली, माहेरपणाला येईनाशी झाली. त्यांची आई १९५८ च्या सुमारास वारली. वारा पडलेला असताना आजीच्या भावाने काठावर उभं राहून हाक घातली, "आवस गेली गोऽऽ!" पलतडून कोणीतरी ओरडून ऐकलं म्हणून कळवलं. बहीण मयताला आली नाही, बाराव्यालाही नाही.

त्या मुक्या वर्षांत एक आवाज आमच्याच तालुक्यातून निघत होता. २५ नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी एक गुप्त नभोवाणी केंद्र चालवलं. सुरुवात झाली आंबोलीच्या जंगलातून. नंतर ते केंद्र कॅसलरॉकला हललं. कोकणी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांत ते बोलत. गोव्यात वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, त्यामुळे बाहेर काय चाललंय हे कळायचं ते या केंद्रावरून. तरुण मुलीने जंगलातल्या पावसात, जळवांमध्ये, घरदार सोडून सहा वर्षं हे काम केलं, हे वाचल्यापासून मी आंबोलीच्या घाटातून जाताना दरवेळी लिबियाबाईंची आठवण काढते. शंभरी ओलांडल्यावर, २०२५ मध्ये, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेवढी वर्षं थांबण्याची त्यांच्यावर वेळ यायला नको होती.

१९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गव्हर्नरने शरणागती दिली. सैन्याची एक फळी दोडामार्गावरून पणजीकडे गेली. विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवा मुक्त झाल्याचं सांगत फिरले तेही वामन सरदेसाई आणि लिबिया लोबोच. आरोंद्याच्या वाट्याला लढाई आली नाही. किरणपाणीच्या काठावरचा पाखलो दिसेनासा झाला, इतकंच.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी तारी भर दुपारी होडी घेऊन पलीकडे गेला आणि आजीच्या बहिणीला घेऊन आला. सारी वाडी काठावर जमली होती. सगळ्यांना वाटलं, दोघी गळ्यात पडून रडतील. पण आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आवशीच्या बाराव्याक येवक नाय तू! होडी गावना नाय तर पोवान येवचा होता." बहीणही काही कमी नव्हती. ती म्हणाली, "काठार पाखलो बंदूक घेवन उभो होतो, तो काय तुझो झील?" घरी पोचेपर्यंत दोघी भांडत होत्या. मग जेवायला बसल्यावर आजोबांनी थोरल्या आत्याच्या लग्नाचा विषय काढला. किरणपाणीलाच एक स्थळ होतं, बहिणीच्या पाहण्यातलं, सहा वर्षं नुसतं बोलण्यात राहिलेलं. मे महिन्यात ते लग्न झालं. वऱ्हाड तराच्या होडीतून तीन खेपांत पार झालं, आणि तारी त्या दिवशी प्रत्येक खेपेचे पैसे मोजून घेत होता.