फ्रेडी मर्क्युरी एकटा निघाला तेव्हा

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना तारखा निसटतात, आणि आजचा सगळा खेळच तारखांचा आहे. म्हणून ज्यांनी भाग ऐकलाय त्यांनीही एकदा डोळ्यांखालून घालायला हरकत नाही.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हा सिनेमा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २०१८ चा, रामी मालेकला ऑस्कर मिळवून देणारा. त्यात एक सीन आहे. फ्रेडी बाकीच्या तिघांना सांगतो की मी एकट्याच्या अल्बमसाठी करार केलाय. तिघे हादरतात, भांडण होतं, बँड तुटतो. मग फ्रेडी भरकटतो, पस्तावतो, परत येतो, माफी मागतो आणि 'लाइव्ह एड'च्या स्टेजवर सगळं गोड होतं. भाऊ दुरावले, भाऊ भेटले. अगदी आपल्या सत्तरच्या दशकातल्या हिंदी सिनेमासारखं.

अडचण एवढीच, की असं काही घडलंच नव्हतं. आणि या एका सीनमुळे फ्रेडीची सोलो कारकीर्द बहुतेकांच्या डोक्यात 'गद्दारी' या एकाच कप्प्यात जाऊन बसली आहे. आज तिला तिथून बाहेर काढू या.

आधी तारखा

क्वीनमधून वेगळा अल्बम काढणारा पहिला माणूस फ्रेडी नव्हता. तो होता ड्रमर रॉजर टेलर. त्याचा 'फन इन स्पेस' १९८१ मध्ये आला. मग गिटारिस्ट ब्रायन मे. त्याने १९८३ मध्ये एडी व्हॅन हेलनला सोबत घेऊन 'स्टार फ्लीट प्रोजेक्ट' केला. १९८४ मध्ये रॉजरचा दुसरा अल्बमही आला. फ्रेडीचा 'मिस्टर बॅड गाय' आला २९ एप्रिल १९८५ ला. म्हणजे चौघांत त्याचा नंबर तिसरा!

आणि तेव्हा बँड काय करत होता? १९८४ च्या सुरुवातीला क्वीनचा 'द वर्क्स' अल्बम आला होता. जानेवारी १९८५ मध्ये ते ब्राझीलला 'रॉक इन रिओ'च्या अफाट गर्दीसमोर वाजवत होते. फ्रेडीचा अल्बम दुकानात आला त्या एप्रिलमध्ये बँड ऑस्ट्रेलियात होता, मे महिन्यात जपानमध्ये. आणि १३ जुलैला लाइव्ह एड. आता सांगा, यात तुटायला वेळ कुठे होता?

ताण नव्हताच, असं मी म्हणत नाही. १९८२ च्या 'हॉट स्पेस' अल्बमनंतर चौघेही थकले होते. डिस्कोच्या वळणाने गेलेला तो अल्बम अमेरिकेत फारसा चालला नाही. १९८३ मध्ये त्यांनी विश्रांती घेतली. पण दहा-बारा वर्षं एका गाडीतून फिरणाऱ्या माणसांनी सुट्टी घेणं वेगळं आणि घर मोडणं वेगळं.

पाचगणीचा पियानो

आता थोडं मागे जाऊ. फर्रुख बलसारा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. पारशी कुटुंब, वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत. आठेक वर्षांचा असताना मुलाला बोटीने भारतात पाठवलं, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. पियानोचं रीतसर शिक्षण त्याने इथे घेतलं, चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा दिल्या. शाळेत मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्यात तो काय करायचा? पियानो वाजवायचा. मुख्य गायक दुसराच एक मुलगा होता!

हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या पियानोभोवती फिरते. आपल्याकडे संगीतकार चाल बांधताना पेटी पुढ्यात ओढतात, तसं फ्रेडी पियानो पुढ्यात ओढायचा. त्याचा एक परिणाम गिटारवाल्यांना भोगावा लागला. त्याची गाणी अनेकदा अशा स्वरपट्टीत असायची जी पियानोवर सहज बसते, पण गिटारवर बोटं वाकडी करायला लावते. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चंच बघा ना! ते बी फ्लॅटमध्ये आहे.

आणि तरी स्वतःच्या पियानोवादनावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. ऐंशीच्या दशकात तर दौऱ्यांवर कीबोर्डसाठी वेगळा वादक असायचा, म्हणजे फ्रेडी स्टेजभर पळायला मोकळा. जिथून सुरुवात झाली ते वाद्य तो हळूहळू दुसऱ्यांच्या हाती देत गेला.

लॅरी ल्युरेक्स कोण?

फ्रेडीची पहिली सोलो रेकॉर्ड फ्रेडीच्या नावावर नाहीच. १९७३ मध्ये, क्वीनचा पहिला अल्बम येण्याच्या सुमारास, लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत एक निर्माता जुनं पॉप गाणं वेगळ्या ढंगात करून बघत होता. गायला हा पोरगा सापडला. साथीला ब्रायन आणि रॉजर. रेकॉर्डवर नाव छापलं 'लॅरी ल्युरेक्स'. त्या वेळी गॅरी ग्लिटर नावाचा गायक जोरात होता, त्याच्या नावाची ही चेष्टा. ल्युरेक्स म्हणजे चमचमणारा जरीसारखा धागा. रेकॉर्ड साफ पडली. पण गंमत बघा. पहिल्या 'सोलो' गाण्यातसुद्धा अर्धा बँड हजर होता.

म्युनिक आणि मांजरं

पुढची दहा वर्षं सोलोचं नाव नाही. मग १९८४. इटालियन संगीतकार जॉर्जो मोरोडर हा फ्रिट्झ लँगचा १९२७ चा 'मेट्रोपोलिस' हा मूकपट नव्या संगीतासह पुन्हा आणत होता. फ्रेडीने त्याच्यासोबत 'लव्ह किल्स' केलं. गाणं ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं.

'मिस्टर बॅड गाय' मात्र निवांत तयार झाला. म्युनिकमधल्या म्युझिकलँड स्टुडिओत, क्वीनच्या कामातून वेळ काढत काढत, जवळजवळ दोन वर्षं. अकरा गाणी, सगळी त्याने एकट्याने लिहिलेली. डिस्को आहे, रेगे आहे, ऑर्केस्ट्रा आहे, पियानोवरची हळवी गाणीही आहेत. एक गाणं मायकल जॅक्सनसोबत करायचं ठरलं होतं. दोघांनी कच्चं रेकॉर्डिंगही केलं, पण ते तसंच राहिलं. शेवटी अल्बमवर फ्रेडी एकटाच गायला. दोघांच्या आवाजातलं रूप लोकांपुढे यायला २०१४ साल उजाडलं. आणि अल्बम अर्पण कुणाला? त्याच्या मांजरांना!

मी हा अल्बम हेडफोनवर सलग ऐकतो तेव्हा मला एक गोष्ट जाणवते. आवाज तोच, चाली त्याच दर्जाच्या, पण कुणी 'नाही' म्हणणारं नाही. क्वीनमध्ये फ्रेडीने एखादी कल्पना मांडली की ब्रायन वाद घालायचा, रॉजर वाद घालायचा, जॉन डीकन गप्प बसून नेमकं बेसवर काहीतरी वेगळंच करायचा. त्या घासाघाशीतून गाणं तासलं जायचं. इथे सगळं गुळगुळीत आहे. ब्रिटनमध्ये अल्बम सहाव्या क्रमांकावर गेला, म्हणजे पडला असं म्हणता येत नाही. पण 'लिव्हिंग ऑन माय ओन' हे त्यातलं गाणं तेव्हा जेमतेम पन्नासाव्या क्रमांकावर थांबलं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक गोष्ट त्याने कधीच केली नाही. सोलो दौरा. स्वतःचा बँड उभा करून एकट्याच्या नावावर मैफल त्याने आयुष्यात लावली नाही. बंडखोर माणूस पहिल्यांदा हेच करतो ना?

बाईंचा आवाज

क्वीनचा फ्रेडीसोबतचा शेवटचा कार्यक्रम झाला ९ ऑगस्ट १९८६ ला, नेबवर्थला. पुढच्या वर्षी त्याने 'द ग्रेट प्रिटेंडर' हे पन्नाशीच्या दशकातलं गाणं पुन्हा गाऊन चौथा क्रमांक गाठला. पण १९८७ ची खरी गोष्ट वेगळी आहे.

मॉन्सेरात काबाये. बार्सिलोनाची ऑपेरा गायिका, जगातल्या सर्वांत मोठ्या आवाजांपैकी एक. फ्रेडी त्यांचा भक्त होता. स्पेनच्या टीव्हीवर त्याने जाहीरपणे त्यांचं नाव घेतलं आणि निरोप बाईंपर्यंत पोचला. समजा, आपल्याकडचा एखादा स्टेडियम भरवणारा गायक एखाद्या ज्येष्ठ ख्यालगायिकेसमोर जाऊन बसला आणि म्हणाला, तुमच्यासोबत गायचंय. तसंच हे. १९८७ च्या सुरुवातीला बार्सिलोनाच्या एका हॉटेलात भेट झाली. सोबत होता पियानोवादक आणि संगीतकार माइक मोरान. एका गाण्याचा विषय थेट अख्ख्या अल्बमपर्यंत गेला.

आता कामाची पद्धत बघा. बाईंच्या तारखा वर्ष-वर्ष आधी भरलेल्या. मग फ्रेडी काय करायचा? त्यांच्या वाट्याच्या ओळीसुद्धा स्वतःच पातळ, उंच आवाजात गाऊन टेप पाठवायचा, म्हणजे त्यांना चाल कळावी. पुरुषाच्या गळ्यातून सोप्रानोचं काम! ही कच्ची रेकॉर्डिंग्ज पुढे प्रसिद्ध झाली आहेत, जमल्यास ऐका. दोन गाण्यांचे शब्द लिहायला नाटकांचा गीतकार टिम राइस आला. एका गाण्यात बेस वाजवायला कोण आलं? जॉन डीकन. पुन्हा बँडमधलाच माणूस!

'बार्सिलोना' हे गाणं १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये आलं, आठव्या क्रमांकावर गेलं. वर्षभराने अल्बम आला. ८ ऑक्टोबर १९८८ ला, सोलहून ऑलिंपिकचा ध्वज बार्सिलोनाला आला त्या सोहळ्यात, स्पेनच्या राजा-राणीसमोर दोघं उभे राहिले. गाणी आधी रेकॉर्ड केलेली होती, ओठ हलवायचे होते. फ्रेडी प्रेक्षकांसमोर स्टेजवर गाणं घेऊन उभा राहिला तो हा शेवटचा प्रसंग.

त्याचा जोडीदार जिम हटन याने पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार, फ्रेडीला एड्सचं निदान १९८७ च्या एप्रिलमध्ये झालं होतं. सिनेमात हे निदान लाइव्ह एडच्या आधी दाखवलंय, म्हणजे दोन वर्षं अलीकडे ओढलंय. नाट्य वाढतं खरं, पण त्यात एक अन्याय होतो. निदानानंतर या माणसाने खरोखर काय केलं, तेच गायब होतं. सिनेमा १९८५ ला संपतो, त्यामुळे काबायेबाई त्यात नाहीतच. आयुष्य किती उरलंय हे ठाऊक नसताना त्याने जुनी हिट गाणी परत वाजवत फिरायचं ठरवलं नाही. त्याला न येणारी, नव्याने शिकावी लागणारी गोष्ट त्याने निवडली. माझ्या मते त्याच्या सोलो कारकिर्दीचं मोल इथे आहे.

आणि बँड? १९८९ च्या 'द मिरॅकल' अल्बमपासून क्वीनने गाण्यांखाली वेगवेगळी नावं छापणं बंद केलं. गाणं कुणीही आणलेलं असो, श्रेय चौघांना. त्याआधी वर्षानुवर्षं श्रेय आणि त्यामागचे पैसे हेच तर वादाचं कारण होतं. म्हणजे फ्रेडीच्या दोन्ही सोलो अल्बमनंतर बँड आधीपेक्षा जास्त एक झाला होता.

नंतरचं

२३ नोव्हेंबर १९९१ ला त्याच्या वतीने निवेदन निघालं, मला एड्स आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लंडनच्या राहत्या घरी तो गेला. वय ४५. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केला.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या वेळी त्याचं गाणं पुन्हा निघालं आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. गायला तो नव्हता. १९९३ मध्ये 'लिव्हिंग ऑन माय ओन', तेच पन्नासाव्या क्रमांकावर थांबलेलं, नव्या ठेक्यात बांधून निघालं आणि थेट पहिल्या क्रमांकावर पोचलं. एकट्याच्या नावावर ब्रिटनमध्ये पहिला नंबर मिळाला तो मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

आणि १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी 'मेड इन हेवन' हा अल्बम काढला. त्यात फ्रेडीच्या सोलो अल्बममधली दोन गाणी घेतली. आवाज फ्रेडीचाच ठेवला आणि त्याभोवती आपली गिटार, ड्रम, बेस वाजवून ती क्वीनची करून टाकली. ज्या अल्बमवरून म्हणे बँड तुटला, त्याच अल्बममधली गाणी मित्रांनी उचलून घरी आणली.

आता गृहपाठ. 'आय वॉज बॉर्न टू लव्ह यू' हे गाणं आधी १९८५ चं ऐका, मग लगेच १९९५ चं. आवाज तोच आहे. फक्त सोबत कोण आहे याने काय बदलतं ते ऐका, आणि तुम्हाला कुठलं आवडलं ते कळवा.

आणि पाचगणीला गेलात, स्ट्रॉबेरी विथ क्रीम खाऊन झालं, की आठवा. या गावात एक मुलगा होता, जो गायक नव्हता. तो मागे बसून पियानो वाजवायचा.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!