चहाचा पेला आणि समाज

आज आपण कोपऱ्यावरच्या टपरीत चहा घेतो किंवा एखाद्या बड्या हॉटेलात जेवतो, तेव्हा शेजारच्या टेबलावरील माणसाची जात विचारीत नाही. गोष्ट साधी खरी. पण ती फुकट मिळालेली नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा आला, त्यावरून केवढे ग्रामण्य माजले! प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. १९०३ मध्ये मुंबईस ताजमहाल हॉटेल उघडले. तेथे जातीपेक्षा खिशाला महत्त्व. पण ज्याचा खिसाही रिकामा आणि स्पर्शही विटाळाचा, त्याने कोठे बसावे?

याचे उत्तर कोल्हापुराने दिले. अस्पृश्य मानलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांनी शाहू छत्रपतींच्या साहाय्याने चहाचे हॉटेल काढले. त्यांच्या हातचा चहा पिणार कोण? महाराज स्वतः गाडी थांबवून तो घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. पुढे १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने उपाहारगृहांची दारे सर्वांना खुली केली.

कायदा दार उघडतो. आलेल्याला शेजारी बसवून घेणे मात्र आपल्याच हाती असते.