‘उच्च कार्यमान संगणन’ : एका शासकीय संज्ञेची वाटचाल

इ. स. २०१० च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या अध्यक्षांना विज्ञान व तंत्रविद्या या विषयांवर सल्ला देणाऱ्या मंडळाने संगणन आणि संगणकजाळी यांच्या संशोधनावरील सरकारी खर्चाचा आढावा सादर केला. निरनिराळ्या खात्यांच्या अंदाजपत्रकांतून एकत्र केलेला या संशोधनाचा आकडा त्या वेळी वर्षाला ४ अब्ज डॉलरांहून अधिक होता. मंडळाला असे आढळून आले की, या रकमेचा बराच मोठा भाग संगणनशास्त्रातील संशोधनावर खर्च होतच नव्हता; इतर शास्त्रांतील संशोधकांना लागणारी यंत्रे, जाळी व साधने यांवर तो खर्च होत होता. यात कोणी लबाडी केली होती असे नव्हे. ज्या संज्ञेखाली खात्यांनी आपापले आकडे कळवावयाचे, त्या संज्ञेतच हे दोन्ही अर्थ सामावलेले होते. ते कसे सामावले, हा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटला तरी मुळात शब्दांच्या इतिहासाचा आहे.

या परिवारातील प्रमुख संज्ञा ‘हाय पर्फॉर्मन्स कंप्यूटिंग’ ही होय. मराठीत तिचा अनुवाद पुष्कळदा ‘उच्च कार्यक्षमता संगणन’ असा केला जातो. परंतु ‘कार्यक्षमता’ हा शब्द यंत्रशास्त्रात एका गुणोत्तराचा वाचक आहे. उपलब्ध शक्तीपैकी किती भाग कामी आला, ते त्याने सांगितले जाते. अतिवेगवान संगणक प्रत्यक्ष शास्त्रीय गणिते सोडविताना आपल्या कमाल वेगाच्या दहाव्या हिश्श्यानेही पुष्कळदा चालत नाहीत. म्हणजे ज्याला उच्च म्हणावयाचे ते त्यांचे कार्यमान, कार्यक्षमता नव्हे. म्हणून येथे ‘उच्च कार्यमान संगणन’ असा पर्याय योजिला आहे.

या संज्ञेच्या आधी शासकीय कागदपत्रांत दोन शब्द वावरत होते. पहिला ‘सुपरकॉम्प्युटर’, म्हणजे महासंगणक. सेमूर क्रे यांनी रचलेला १९६४ चा सीडीसी ६६०० आणि १९७६ मध्ये लॉस अलामोस येथे प्रथम बसविण्यात आलेला क्रे-१ ही त्याची नामांकित उदाहरणे. या शब्दाची रूढ व्याख्या सापेक्ष होती : विवक्षित काळी उपलब्ध असलेल्या शास्त्रीय संगणकांत जो सर्वांत शक्तिमान तो महासंगणक. दुसरा शब्द ‘लार्ज स्केल कंप्यूटिंग’, म्हणजे बृहत्प्रमाण संगणन. न्यूयॉर्क विद्यापीठाचे गणिती पीटर लॅक्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने डिसेंबर १९८२ मध्ये जो अहवाल सादर केला त्याच्या शीर्षकात हाच शब्दप्रयोग आहे. संरक्षण खाते आणि नॅशनल सायन्स फाउंडेशन यांनी ही समिती नेमली होती. अमेरिकेत तयार झालेले महासंगणक अमेरिकेतीलच विद्यापीठांना दुर्लभ झाले आहेत, ही समितीची मुख्य तक्रार होती. खगोलभौतिकीचे अभ्यासक लॅरी स्मार यांना आपली गणिते क्रे यंत्रावर करण्यासाठी म्युनिकच्या माक्स प्लांक संस्थेपर्यंत जावे लागत असे. हे उदाहरण त्या काळात वारंवार दिले जाई. समितीने सुचविलेल्या उपायात यंत्रे आणि ती दुरून वापरता यावीत म्हणून वेगवान जाळे, या दोन्ही गोष्टी होत्या. अर्थात शीर्षकात जाळ्याला स्थान नव्हते.

१९८५ पासून फाउंडेशनने कॉर्नेल, इलिनॉय, प्रिन्स्टन, सॅन डिएगो व नंतर पिट्सबर्ग येथे महासंगणक केंद्रे स्थापन केली आणि ती जोडण्यासाठी एनएसएफनेट हे जाळे उभारले. १९८६ मध्ये त्याचा वेग सेकंदाला ५६ हजार बिट एवढाच होता; १९८८ मध्ये तो सुमारे १५ लक्ष बिटांवर गेला आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत ४ कोटी ५० लक्ष बिटांवर. केंद्रांसाठी बांधलेले जाळे पाहता पाहता केंद्रांहून मोठे झाले. संज्ञेच्या इतिहासातील पुढील कलाटणीचे कारण येथेच सापडते.

अध्यक्षांच्या विज्ञान-धोरण कार्यालयाने नोव्हेंबर १९८७ मध्ये संशोधनाची जी दिशा आखून दिली, तिच्या शीर्षकात ‘उच्च कार्यमान संगणन’ हे शब्द आले. ‘महासंगणक’ हा शब्द टाळण्यामागील हेतू स्पष्ट दिसतो. महासंगणक म्हटले की त्या काळी क्रे यांच्या घडणीची सदिश यंत्रे डोळ्यांसमोर येत. याउलट संरक्षण खात्याच्या पैशाने ज्यांचा विकास चालला होता ती यंत्रे हजारो लहान प्रक्रियक एकत्र जोडून बनविलेली, म्हणजे समांतर पद्धतीची होती. दोन्ही पक्षांना एका छत्राखाली आणणारे नाव हवे होते. टेनेसीचे सिनेटर अल गोर यांच्या विधेयकांच्या नावांतही हा बदल टिपता येतो. १९८८ आणि १९८९ च्या विधेयकांच्या नावात ‘उच्च कार्यमान संगणक तंत्रविद्या’ आहे; १९९१ च्या विधेयकात ‘उच्च कार्यमान संगणन’ आहे. ‘संगणक’ जाऊन ‘संगणन’ आले. वस्तूच्या जागी क्रिया आली, आणि क्रियेत यंत्राबरोबर आज्ञावली, जाळे व माणसांचे शिक्षण यांचाही समावेश करता येतो.

सरकारी कार्यक्रमाचे नावही याच सुमारास लांबले. १९८९ च्या योजनेत केवळ ‘उच्च कार्यमान संगणन’ होते; फेब्रुवारी १९९१ मध्ये अंदाजपत्रकासोबत सादर झालेल्या पुस्तिकेत ‘उच्च कार्यमान संगणन व संदेशवहन’ असे झाले. एका ‘व’ने जाळ्याला संगणकाच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. आठ खात्यांचा या कामावरील खर्च ४८ कोटी ९० लक्ष डॉलरांच्या आसपास होता, तो वाढवून सुमारे ६३ कोटी ८० लक्ष करावा अशी मागणी या पुस्तिकेने केली. तिच्या मुखपृष्ठावर मात्र ठळक स्थान मिळाले ते ‘ग्रँड चॅलेंजेस’ या शब्दांना. ही कल्पना प्रामुख्याने नोबेल पारितोषिकाचे मानकरी पदार्थवैज्ञानिक केनेथ विल्सन यांनी पुढे आणलेली. हवामान, द्रवांचा प्रवाह, प्रथिनांची रचना यांसारखे मूलभूत प्रश्न, जे संगणकाच्या पुढील पिढीवाचून सुटणार नाहीत, त्यांना हे नाव. यंत्रासाठी पैसा मागणे कठीण. प्रश्नासाठी मागणे त्या मानाने सोपे.

९ डिसेंबर १९९१ रोजी अध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी विधेयकावर स्वाक्षरी केली. त्या कायद्यातील व्याख्या मुळातून वाचण्याजोगी आहे. तिच्यानुसार उच्च कार्यमान संगणन म्हणजे प्रगत संगणन, संदेशवहन व माहिती यांच्या तंत्रविद्या. आणि त्यांत शास्त्रीय कामाची टेबलावरील यंत्रे, सदिश व समांतर महासंगणक, वेगवान जाळी, प्रायोगिक प्रणाली आणि आज्ञावली असे सर्व काही येते. व्याख्येचे काम सीमा घालण्याचे. येथे ती निमंत्रितांची यादी झाली आहे. वेगाचा आकडा या व्याख्येत कोठेही नाही. आकडा आहे तो जाळ्यासंबंधीच्या कलमात : ‘राष्ट्रीय संशोधन व शिक्षण जाळे’ तांत्रिकदृष्ट्या शक्य तितके १९९६ पर्यंत सेकंदाला १ अब्ज बिट वाहून नेणारे असावे.

त्या नियोजित जाळ्याच्या नावातील ‘संशोधन व शिक्षण’ हे दोन शब्द नावापुरते नव्हते. एनएसएफनेटच्या वापराचे नियम याच शब्दांवर आधारलेले होते. व्यापारी स्वरूपाची वाहतूक कण्यावरून जाऊ देणे नियमात बसत नसे. १९९२ च्या कायद्याने फाउंडेशनला अशी मुभा दिली की, संशोधन व शिक्षण यांव्यतिरिक्त इतर कामांसाठीही मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या जाळ्यांना साहाय्य करता यावे. एप्रिल १९९५ मध्ये एनएसएफनेटचा कणा बंद करण्यात आला आणि ती वाहतूक खाजगी कंपन्यांच्या जाळ्यांकडे गेली. योजिलेले ‘राष्ट्रीय जाळे’ त्या नावाने कधी उभे राहिलेच नाही. तरीही त्याच्या नावाने मंजूर झालेला पैसा फुकट गेला असे कोणास म्हणता येणार नाही.

१९९३ मध्ये गोर उपाध्यक्ष झाले आणि शब्दसंग्रह पुन्हा पालटला. ‘माहितीचा महामार्ग’ ही उपमा घरोघर पोचली. तिला एक कौटुंबिक संदर्भही आहे. देशव्यापी महामार्गांच्या १९५६ च्या कायद्याच्या घडणीत गोर यांच्या वडिलांचा सिनेटर या नात्याने वाटा होता. शासकीय भाषेत याच कल्पनेला ‘राष्ट्रीय माहिती-पायाभूत रचना’ असे भारदस्त नाव मिळाले. कार्यक्रमात पाचवा विभाग जोडण्यात आला आणि ‘महाआव्हानां’च्या शेजारी ‘राष्ट्रीय आव्हाने’ येऊन बसली : आरोग्यसेवा, शिक्षण, अंकीय ग्रंथालये. हवामानाचे गणित आणि रुग्णालयाची कागदपत्रे एकाच संज्ञेखाली आली. २०१० च्या मंडळाला ज्या मिश्रणाची अडचण झाली त्याची सुरुवात येथे शोधावी लागते.

फ्रेडरिक ब्रुक्स आणि आयव्हन सदरलँड यांच्या नेतृत्वाखालील समितीने १९९५ मध्ये या कार्यक्रमाची बाजू घेतली. पण टेराफ्लॉप यंत्र, म्हणजे सेकंदाला १ लाख कोटी क्रिया करणारे यंत्र, याकडे मुक्काम म्हणून न पाहता संशोधनाची दिशा म्हणून पाहावे, असेही बजावले. गंमत अशी की, पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरात सँडिया प्रयोगशाळेतील ‘आस्की रेड’ या यंत्राने तो टप्पा ओलांडला. ते यंत्र मात्र या कार्यक्रमातून नव्हे, तर अण्वस्त्रांच्या चाचण्या थांबल्यामुळे ऊर्जा खात्याने हाती घेतलेल्या वेगळ्या योजनेतून आले होते.

संज्ञा इतकी पसरल्यावर जे मूळ होते त्यालाच नाव उरले नाही. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात कार्यक्रमाचे नाव क्रमाने ‘संगणन, माहिती व संदेशवहन’ आणि पुढे ‘जाळी व माहिती-तंत्रविद्या संशोधन व विकास’ असे झाले. त्याच काळात अगदी वरच्या टोकाच्या यंत्रांसाठी ‘हाय एंड कंप्यूटिंग’, म्हणजे अग्रकोटी संगणन, ही नवी अरुंद संज्ञा पाडण्यात आली. २००२ मध्ये जपानच्या ‘अर्थ सिम्युलेटर’ने सेकंदाला सुमारे ३६ लाख कोटी क्रियांचा वेग गाठून अमेरिकन यंत्रांना मागे टाकले, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये २००४ साली जो कायदा झाला तो ‘अग्रकोटी संगणना’च्या पुनरुज्जीवनाचा, ‘उच्च कार्यमान संगणना’च्या नव्हे. खर्चाचे आकडे १९९१ पासून सलग मांडणाऱ्या अभ्यासकाची येथे फसगत होण्याचा संभव आहे. स्तंभाचे शीर्षक आणि त्याखालील वस्तू या दोन्ही मधल्या काळात बदललेल्या आहेत.

या सैल व्याख्यांच्या अगदी उलट रीत त्याच सरकारच्या निर्यात-नियमांत आढळते. परदेशी कोणते यंत्र जाऊ द्यावयाचे हे ठरविणाऱ्या अधिकाऱ्याला सापेक्ष व्याख्या निरुपयोगी. त्याला आकडा लागतो. म्हणून सेकंदाला १९५ दशलक्ष सैद्धांतिक क्रिया ही महासंगणकाची कायदेशीर सीमा ठरली. प्रक्रियकांची प्रगती इतकी झपाट्याची होती की, १९९४ मध्ये ती १,५०० वर न्यावी लागली, पुढे ती वारंवार वाढवावी लागली, आणि २००६ मध्ये मोजमापाची पद्धतच बदलण्यात आली. १९९९ मध्ये ॲपल कंपनीने आपला घरगुती संगणक शस्त्रांच्या वर्गात पडतो, अशी जाहिरात करून या नियमांचे चांगलेच हसे केले.

या नियंत्रणांची झळ भारताला लागली होती. १९८७ मध्ये अमेरिकेने हवामानाच्या अंदाजासाठी भारताला क्रे एक्स-एमपी/१४ हे यंत्र देण्यास संमती दिली. भारताने मागितले होते ते याहून शक्तिमान होते. १९८८ मध्ये भारत सरकारच्या पैशाने पुण्यात संस्था स्थापन झाली, तिच्या नावात ना ‘महा’ आले ना ‘उच्च कार्यमान’. ‘प्रगत संगणन विकास केंद्र’ असे ते नाव आहे. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९९१ मध्ये तयार झालेले ‘परम ८०००’ हे यंत्र ट्रान्सप्युटर नावाचे प्रक्रियक जोडून केलेले, समांतर पद्धतीचे होते. ‘पॅरलल मशीन’ या इंग्रजी शब्दांचे संक्षिप्त रूप आणि संस्कृत विशेषण यांचा मेळ त्याच्या नावात बसविलेला आहे. जाळ्याच्या बाबतीत १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’च्या नावात ‘शिक्षण’ आधी व ‘संशोधन’ नंतर येते. अमेरिकन नावात क्रम उलटा आहे. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या ४,५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अभियानाने मात्र ‘सुपरकंप्यूटिंग’ हा जुना शब्दच शिरोभागी ठेवला.

अमेरिकेतही त्याच वर्षी जुना शब्द परतला होता. जुलै २०१५ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी काढलेल्या आदेशात ‘उच्च कार्यमान संगणन’ पुन्हा आले आणि त्याची व्याख्या आकड्यावाचून करण्यात आली : लहान व मध्यम प्रमाणाच्या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचे प्रश्न ज्या प्रणालींनी सोडविता येतात त्या. हे वळण लॅक्स समितीच्या काळातील सापेक्ष व्याख्येच्या जवळचे आहे. दीड वर्षाने, ६ जानेवारी २०१७ रोजी संमत झालेल्या कायद्याने १९९१ च्या कायद्यातील व्याख्या बदलल्या. त्यात ‘लहान व मध्यम प्रमाणाच्या’ यंत्रांविषयीचे तेच शब्द ‘अग्रकोटी संगणना’च्या व्याख्येत घालण्यात आले आणि तिच्या शेवटी असे जोडले गेले की, पूर्वी ‘उच्च कार्यमान संगणन’ या नावाने ओळखले जाणारे संगणनही यात समाविष्ट समजावे. ज्या कायद्यात ही दुरुस्ती झाली त्याचे नाव आजही ‘१९९१ चा उच्च कार्यमान संगणन कायदा’ असेच आहे.