कमानीपलीकडची वाट

जबलपूरच्या सराफ्यातील गजबजाटात कमानिया गेट उभे आहे. १९३९ साली जवळच त्रिपुरी येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते स्मारक. कचेरीतून परतताना त्याखालून जाणाऱ्या आम्हांला एका गोष्टीचे नेहमी नवल वाटते. ज्या सुभाषबाबूंच्या विजयाची ही खूण, ते अधिवेशनास आले तापाने फणफणत, आणि एप्रिल सरण्यापूर्वीच त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले. कमान विजय सांगते. पुढचे सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात मारवाडात आम्हांला याचाच पुन्हा प्रत्यय आला. अजमेरहून पुष्कर व मेडता मागे टाकून आमची जीप नागौरच्या वाटेला लागली, तेव्हा दोन्ही अंगांस वाळू, विरळ खेजडी, आणि माणसाचा मागमूस नाही. १७५४ च्या सप्टेंबरात मराठ्यांकडून पराभूत झालेला विजयसिंह याच मुलखातून पळून नागौरच्या किल्ल्यात शिरला. जयाप्पा शिंद्यांनी ताऊसर येथे तळ देऊन वेढा घातला. असल्या रुक्ष प्रदेशात घरापासून शेकडो कोस दूर महिनोन्‌महिने बसून राहणे म्हणजे काय, हे ती वाट पाहिल्यावाचून उमगत नाही. जुलै १७५५ मध्ये वाटाघाटीच्या मिषाने आलेल्या मारेकऱ्यांनी जयाप्पांना छावणीतच ठार केले.

येथवरची कथा आम्ही सोबतच्या मंडळींना मोठ्या आवेशाने सांगितली. परंतु त्याच वेळी संतापाने बेभान झालेल्या मराठी फौजेने छावणीतील राजपुतांवर हत्यार चालविले, आणि उदेपूरच्या महाराण्याच्या वतीने समेटासाठी आलेला सलूंबरचा रावत जैतसिंह त्यात मारला गेला, हे सांगताना आमचा आवाज आपोआप खाली आला. जयाप्पांचा घात झाला हे खरे. पण जैतसिंहाचा अपराध कोणता?

परतीच्या मुक्कामी आम्ही अजमेरचा तारागड चढलो. चढण उभी, वाट खडकाळ. माथ्यावर वारा असा की टोपी हातात धरावी लागली. दत्ताजी शिंद्यांनी वेढा पुढे चालविला आणि १७५६ च्या तहाने हे अजमेर मराठ्यांस मिळाले. मध्यंतरी काही वर्षे ते हातचे गेले, पुन्हा आले, आणि १८१८ साली दौलतराव शिंद्यांनी ते इंग्रजांच्या स्वाधीन केले. दोन माणसांच्या रक्तानंतर हाती आलेले ठाणे पुरते पाऊणशे वर्षेही टिकले नाही!

आपण परमुलखात नोकरी करणारी माणसे. पूर्वजांच्या पराक्रमाच्या खुणा आपण कौतुकाने धुंडाळतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्र शेजारी राहणाऱ्यांच्या घरी तीच कथा निराळ्या नावाने सांगितली जात असेल, याचे भान असावे. जयाप्पांचे नाव घेताना जैतसिंहाचेही घ्यावे, एवढे त्या वाऱ्यात उभे असताना आम्ही मनाशी ठरविले. परत आल्यावर कमानिया गेटखालून जाताना आमची पावले किंचित मंदावतात, ती यामुळेच.