शूर्पारक: सोपाऱ्यातल्या राजवटी आणि धम्माचा वारसा

विरारच्या पश्चिमेला आगाशी आणि तिच्या दक्षिणेला सोपारा. आज इमारतींनी वेढलेले हे सोपारा म्हणजे अपरांताचे प्राचीन बंदर शूर्पारक, पाली साहित्यातले सुप्पारक. येथे अनेक राजवटी आल्या आणि गेल्या. त्या काळात धम्म कसा टिकला, हे आपण पुराव्यांनिशी समजून घेतले पाहिजे.

मौर्य काळ: सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये सोपाऱ्यात सापडला, तर नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात. पूर्वीचे राजे शिकारीसाठी विहारयात्रा करीत. अशोकाने त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली, असे आठवा लेख सांगतो. नवव्यात कर्मकांडापेक्षा दास आणि नोकरांशी नीट वागणे हेच खरे मंगल मानले आहे.

क्षत्रप आणि सातवाहन: क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने सोपाऱ्यात प्रवाशांसाठी निवारे बांधल्याची नोंद नाशिकच्या लेण्यात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभाचे दान सोपाऱ्याच्या सतिमित या भाणकाचे आहे. भाणक म्हणजे सुत्ते मुखोद्गत करून सांगणारा. म्हणजे दानाची परंपरा केवळ राजघराण्यांची नव्हती.

शिलाहार: अनंतदेवाच्या इ.स. १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात जकातमाफीच्या बंदरांमध्ये ठाणे व चौलसोबत शूर्पारकाचेही नाव आहे.

पुढे व्यापार आसपासच्या इतर बंदरांकडे सरकला. गुजरातच्या सुलतानांच्या काळात आगाशी जहाजबांधणीसाठी ओळखली जाई. १५३० च्या सुमारास पोर्तुगीजांनी ती जाळली. १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी ती जिंकली.

इतक्या उलथापालथीत सोपाऱ्याच्या स्तूपाची ओळखच पुसली गेली. लोक त्या टेकाडाला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणू लागले. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खोदले. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या पात्राचे १३ तुकडे मिळाले. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे पंडितजींचे मत होते. सोबत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि ८ कांस्य बुद्धमूर्ती होत्या. मूर्ती नाण्याहून काही शतके नंतरच्या आहेत. म्हणजे सातवाहनांचे राज्य संपल्यावरही येथे उपासना चालू होती. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

स्तूप एकदा कोट झाला, कारण त्याची गोष्ट सांगणारे उरले नाहीत. पुन्हा तसे होऊ नये म्हणून तरुणांनी सोपाऱ्याला जाताना हा इतिहास वाचून जावे. अशोकाच्या धम्मयात्रेत वृद्धांची भेट, गावकऱ्यांशी संवाद आणि धम्माची चर्चा होती. आपणही वंदनेनंतर लगेच न परतता गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे, तळी आणि टेकाडांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात.